‘तुम्ही बसा, आम्ही करतो’

(पाया लेबार, सिंगापूर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला तुम्ही मला बोलावलंत, याचं मला अजून नवल वाटतंय. पहिली दोन पुष्पं साहित्यिकांची होती. मी फिजिओथेरपिस्ट. माझा शब्दांशी संबंध ‘श्वास सोडा’, ‘गुडघा सरळ’, ‘अजून पाच वेळा’ एवढाच. पण माणसं कशी चालतात हे पाहण्यात माझी तीस वर्षं गेली. मघाशी तुम्ही दारातून आत येत होतात तेव्हाही मी मागे उभी राहून तेच पाहत होते. कोण सावकाश खुर्चीत बसलं, कोणी शेवटच्या वितीवर अंग सोडून दिलं, कोणी पुढच्या खुर्चीची पाठ धरली, कोणाचा हात लेकीच्या दंडावर होता. घाबरू नका, नावं घेणार नाही.

अडचण अशी, की मला बसण्याच्या विरोधात बोलायचंय आणि त्यासाठी तुम्हाला तासभर बसवून ठेवायचंय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याला बसून ऐकायची सवय लागली आहे. ती मी आज मोडत नाही. मात्र मध्येच एकदा तुम्हाला उभं करणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आपण जमलोय त्या जागेच्या नावापासून सुरुवात करू. ‘पाया लेबार’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं की मराठी कान टवकारतो. आपल्या घराला पाया असतो, थोरांच्या आपण पाया पडतो. मलाय भाषेत मात्र ‘पाया’ म्हणजे दलदल आणि ‘लेबार’ म्हणजे रुंद. रुंद दलदल. आज तिचा मागमूस नाही. १९५५ ते १९८१ या काळात सिंगापूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ याच नावाचा होता. आता तिथे हवाई दलाचा तळ आहे. आणि पाया लेबार स्टेशनाच्या परिसरात दोन मेट्रो मार्ग एकमेकांना छेदतात, काचेचे मनोरे उभे आहेत, थोडं चाललं की गेलांग सेराईचा बाजार लागतो. सेराई म्हणजे आपला गवती चहा. पूर्वी तिथे त्याची लागवड होती. दलदल गेली, नाव राहिलं.

दलदलीत चालणारा कसाबसा पुढे सरकतो, थांबलेला रुतत जातो. मी आज ज्या दलदलीबद्दल बोलणार आहे ती मऊ आहे. तिला उशा आहेत, समोर टीव्ही आहे, हाताशी चहा आहे. आणि तिच्यात मी माझ्या आईला स्वतःच्या हाताने नेऊन बसवलं होतं.

आई साताऱ्याची. तेव्हा वय ७१. जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर खोल्या, चोवीस पायऱ्या. सकाळी फुलं काढायला खाली. दहाच्या सुमाराला राजवाड्यापर्यंत भाजीला. देवघर जमिनीवर, म्हणून पूजेला खाली बसणं आणि उठणं. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं. विरजण संपलं की शेजारी, शेजारीण आजारी की तिच्याकडे डबा. ‘तुम्ही व्यायाम करता का?’ असं कोणी विचारलं असतं तर तिने ‘छे हो, वेळ कुठे असतो?’ असंच उत्तर दिलं असतं.

मी तिला आठ महिने इथे आणलं. घरात लिफ्ट, स्वयंपाकाला हेल्पर, भाजी दारात. देवघर भिंतीवर, कमरेच्या उंचीला, वाकायलासुद्धा नको. ती ओट्यापाशी आली की मी म्हणायची, ‘आई, तू बस गं. आयुष्यभर केलंस.’ ती बसायची. पहाटे पाचला जाग यायची, पण इथे उजाडायला सात वाजतात, म्हणून काळोखात बसून राहायची. मग ऊन चढायचं, म्हणून बसायची. संध्याकाळी आम्ही दमून यायचो, म्हणून बसायची.

परत गेल्यावर चैत्रात शेजारी हळदीकुंकू होतं. सतरंजीवर सगळ्या बायका बसल्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, सगळ्या उठल्या. आईला उठता आलं नाही. दोघींनी काखेत हात घालून उठवलं. त्या रात्री फोनवर म्हणाली, ‘अगं, चारचौघींत कसंसंच झालं बघ.’ मी धंद्याच्या सवयीने विचारलं: पडलीस का? ताप आला होता? गुडघा सुजलाय? काहीच नव्हतं. आजार नव्हताच. आजार मी होते. दिवसभर लोकांच्या आयांना चालायला शिकवून मी घरी माझ्या आईचं चालणं काढून घेतलं होतं.

यात गूढ काही नाही. स्नायू हे हिशेबी गडी आहेत. काम नाही तर मुक्काम नाही. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. साठीच्या पुढच्या अकरा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहाच दिवस. पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. सोफा म्हणजे अंथरूण नव्हे, हे मान्य. पण आठ महिने म्हणजे दहा दिवसही नव्हेत. उतारवयात स्नायू झिजण्याला १९८९ पासून ‘सार्कोपेनिया’ असं नाव आहे. नाव ग्रीक असलं तरी ते आपल्या घरोघर आहे. आपण त्याला ‘वय झालं’ म्हणतो. जे वयामुळे जातं आणि जे बसल्यामुळे जातं, त्या दोहोंचा हिशेब आपण एकाच खात्यावर मांडतो. माझ्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच, की दुसऱ्या खात्यातली रक्कम परत मिळवता येते.

आता जरा आपल्या भाषेकडे पाहा. घरी पाहुणे आले की पहिला शब्द ‘बसा’. मोठ्यांना मान द्यायचा तर उठून त्यांना जागा द्यायची, म्हणजे पुन्हा ‘बसा’. लग्नात वडीलधाऱ्यांना पुढच्या खुर्च्या. सून कौतुकाची कधी? सासूला हातसुद्धा लावू देत नाही तेव्हा. ‘आमच्या बाबांना आम्ही काही करू देत नाही’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. त्यात प्रेम आहे, कृतज्ञता आहे, आणि ज्यांनी कष्ट उपसले त्यांना आता सुख मिळावं ही रास्त इच्छाही आहे. पण शरीराला यातलं काही कळत नाही. ते फक्त आज किती वेळा उभं राहिलो ते मोजतं. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ इतकं गोड आणि इतकं महाग वाक्य मराठीत दुसरं नसेल.

हे मला शिकवलं ते ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांनी. तुम्ही सगळे त्यांना ओळखता, त्यामुळे चरित्र सांगत नाही. पत्नी गेल्यावर ७३व्या वर्षी ते मिरजेहून लेकीकडे इथे आले. गुडघे दुखतात म्हणून तिने त्यांना माझ्याकडे आणलं. मी आठ व्यायामांचा चित्रांसह छापील कागद दिला. पुढच्या खेपेला विचारलं, ‘सर, केलेत का?’ ते म्हणाले, ‘कागद जपून ठेवलाय.’ त्याच्या पुढच्या खेपेलाही कागद जपलेलाच होता. तिसऱ्या वेळी मात्र मी पाहिलं, की पावलं लांब पडताहेत, वळताना ते अडखळत नाहीत. मी मनात म्हटलं, कागदाचा गुण आला.

कागदाचा काही संबंध नव्हता. दरम्यानच्या काळात सरांनी मराठी पुस्तकं घरोघर पोचवायचं काम अंगावर घेतलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी कापडी पिशवी खांद्याला, आत सहा-सात पुस्तकं. यूनोसला दोन घरं, उबीला एक, गेलांगकडे तीन. जाताना पुस्तक द्यायचं, दारात उभ्याउभ्या जुन्यावर दोन शब्द ऐकायचे, आणि ‘वाचून झालं का?’ हे तपासायला पुन्हा जायचं. मी म्हटलं, ‘सर, फोन करून विचारत जा की.’ ते म्हणाले, ‘फोनवर लोक खोटं सांगतात. समोर उभं राहिलं की कळतं.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘हे बघ, मी चालायला जात नाही. मला जायचं असतं, म्हणून चालतो.’

या वाक्याभोवती मी माझा धंदा पुन्हा मांडला.

शास्त्रही बरंचसं तिथूनच सुरू झालंय. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत, एकाच शहरात, एकाच थरातले. ड्रायव्हर पाळीभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये ठळकपणे जास्त निघाला. यातला कोणीही कंडक्टर ‘व्यायाम’ करत नव्हता. तो तिकिटं फाडत होता. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

आपल्या सगळ्यांच्या मनगटावर ‘दहा हजार पावलं’ नावाचं भूत बसलेलं आहे, त्याची जन्मकथाही सांगते. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये एक पाऊलमापक बाजारात आला. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र. आकडा गोल आणि विकायला सोपा होता. प्रयोगशाळेतून तो आलेला नव्हता. २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांचा, सरासरी वय ७२, अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चार-साडेचार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. ज्या आजी साडेतीन हजारांवर आहेत त्यांना नातवंडांनी ‘अजून साडेसहा बाकी’ म्हणून घाबरवू नये. आधी एक हजार वाढवा. बाजारापर्यंत आणि परत, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं थोडक्यात असं: आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी हालचाल, की बोलता येईल पण गाता येणार नाही. दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. आणि पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. २०२४ साली जगभराची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत ३१ टक्के प्रौढ या किमान मापाच्या खाली होते. भारतात जवळजवळ निम्मे. आणि सगळ्यांत जास्त बैठे कोण? आशिया-पॅसिफिकमधल्या श्रीमंत देशांचा गट, ४८ टक्के. त्याच्या खालोखाल दक्षिण आशिया, ४५ टक्के. म्हणजे सिंगापुरातला मराठी माणूस दोन्ही घरचा जावई.

आता सरांची दुसरी बाजू. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं सांगितलं तर ते वरून मला ओरडतील. दोन वर्षं ते भरपूर चालले. पण एकदा एका घरी खोल, मऊ सोफ्यावर बसले आणि उठता येईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा यजमानांनी हात दिला. माझ्याकडे आले ते रागावूनच. ‘इतकं चालतो, मग हे काय?’ मी सांगितलं, ‘सर, चालण्याने दम वाढतो. उठायला मांडी लागते. तिला वेगळं काम हवं.’ आणि व्यायाम दाखवला: खुर्चीच्या कडेला बसायचं, हात छातीशी घ्यायचे, उठायचं, पूर्ण उभं राहायचं, सावकाश बसायचं. सर बघत राहिले आणि हसायला लागले. ‘अगं, या तर उठाबशा! तीस वर्षं पोरांना शिक्षा म्हणून दिल्या. आता माझी पाळी.’

त्यानंतर प्रत्येक घरातून निघण्याआधी दहा उठाबशा हा त्यांचा नियम झाला. कान न धरता.

तर मंडळी, आता आपली पाळी. जे स्वतःच्या पायांवर धड उभे राहू शकतात, ज्यांना चक्कर येत नाही, ज्यांची नुकती शस्त्रक्रिया झालेली नाही, त्यांनी खुर्चीच्या पुढच्या कडेला या. खुर्ची सरकणार नाही हे शेजाऱ्याने पाहायचं. हात छातीवर फुलीसारखे. मी तीस सेकंद मोजते. किती वेळा पूर्ण उभे राहता ते मनात मोजा.

(श्रोते उभे राहतात, बसतात. हशा. तीस सेकंद.)

थांबा. श्वास घ्या. आकडा शेजाऱ्याला सांगू नका, मराठी माणूस लगेच स्पर्धा लावतो. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांचा आकडा बाराच्या खाली आणि स्त्रियांचा अकराच्या खाली असेल, किंवा ऐंशी ते चौऱ्याऐंशीत पुरुषांचा दहाच्या आणि स्त्रियांचा नऊच्या खाली, तर तो सरासरीपेक्षा कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं समजायचं. पडणं किरकोळ नाही. जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडण्याने मरतात. जी मरत नाहीत त्यातली कित्येक पुन्हा पडण्याच्या भीतीने बसतात, आणि बसल्यामुळे पुन्हा पडतात.

आकडा कमी आला असेल तर खचू नका. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांवर एक प्रयोग झाला. सगळे वृद्धाश्रमातले, अशक्त. आठ आठवडे पायाला वजन लावून सराव करून घेतला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीनपट. नव्वदीत. ‘आता या वयात काय व्हायचंय’ असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवते. तुमचं वय त्याहून कमी आहे.

आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही. आपल्या घरांत पूर्वी जेवायला पाट होता, म्हणजे दिवसातून दोनदा जमिनीवरून उठणं होतं. जातं होतं, पाटा-वरवंटा होता. श्रावणात मंगळागौर होती; फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा. कोंबडा म्हणजे उकिडवं बसून उड्या, फुगडी म्हणजे गरगर फिरताना तोल. आज दवाखान्यात ज्याला आम्ही ‘बॅलन्स ट्रेनिंग’ म्हणतो ते आपल्या आज्या रात्रभर जागून हसत करत होत्या. पुरुषांकडे तालीम होती, जोर-बैठका होत्या. गंमत पाहा, ‘बैठक’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो: एक बैठक मांडी भरून आणते, दुसरी मांडी वाळवते. साताऱ्याजवळच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. मात्र आपली तालीम तरुणांची राहिली. पन्नाशीनंतर पैलवानसुद्धा वस्ताद होऊन खुर्चीत बसला. म्हातारपणाची तालीम आपण कधी काढलीच नाही.

एक अपवाद आहे आणि तो फार मोठा आहे. वारी. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे. त्यात सत्तरीची, पंचाहत्तरीची माणसं दिवे घाट चढतात, डोक्यावर तुळस घेऊन. सगळ्यांना जमतं असं नाही, आणि मी माझ्या रुग्णांना उठून वारीला जा असंही सांगत नाही. पण वारीची रचना पाहा. कुठे पोचायचंय ते ठरलेलं. सोबत दिंडी, म्हणजे मागे पडलात तर कोणीतरी वळून पाहणार. टाळांचा ठेका, म्हणजे पावलांना ताल. आणि ठरावीक अंतरावर विसावा. हा शब्द मला फार आवडतो. ‘विसाव्या’त पुन्हा उठणं गृहीत आहे. वारकऱ्याला कोणी ‘माउली, तुम्ही बसा, आम्ही पंढरपूरला जाऊन येतो’ म्हणत नाही.

आता या गावाकडे येऊ. सिंगापूर आपल्याहून आधी म्हातारं झालं, त्यामुळे इथे या प्रश्नाची तयारी दिसते. बहुतेक लोक सरकारी गृहमंडळाच्या इमारतींत राहतात. पूर्वी जुन्या इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. २००१ पासून ती बहुतेक इमारतींत प्रत्येक मजल्यावर थांबेल अशा सुधारणा झाल्या. २०१२ पासून घरात धरायचे कठडे आणि न घसरणाऱ्या फरशा बसवायला सरकारी अनुदान आहे. स्टेशनापासून घरापर्यंत छपराचे रस्ते आहेत, म्हणजे पाऊस आणि ऊन ही दोन्ही कारणं रद्द. इमारतीखाली व्यायामाची साधनं, ज्येष्ठांसाठी केंद्रं, पहाटे ताई-ची. २०१५ पासून पावलं मोजून बक्षिसं देणारी राष्ट्रीय स्पर्धा. आणि रस्ता ओलांडताना सिग्नलच्या खांबावर ज्येष्ठांनी आपलं कार्ड लावलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो, ही सोय २००९ पासूनची.

यातली मला भावलेली गोष्ट अशी, की या शहराने म्हाताऱ्यांना ‘घरी बसा’ म्हटलं नाही. ‘बाहेर या, आम्ही वाट सपाट करतो’ म्हटलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. इथे खाऊगल्लीत सत्तरीच्या मावशी टेबलं पुसताना दिसतात. त्यांच्याकडे बघून ‘वा, किती चपळ!’ म्हणणं सोपं आहे. त्यांतल्या काहींना कामाची आवड आहे, काहींना पैशांची निकड आहे, आणि आठ तास उभं राहून दुखणारी पाठ कोणत्याही पावलांच्या आकड्यात दिसत नाही. सरकारने जुलै २०२६ पासून निवृत्तीचं वय ६४ आणि पुनर्नेमणुकीचं ६९ ठरवलं, त्यातही ही दोन्ही माणसं आहेत. नाइलाजाने उभं राहणं आणि आपणहून उठणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. मी आपणहून उठण्याबद्दल बोलते आहे.

आपल्या पाहुण्या आईबाबांचं काय? त्यांच्याकडे सिग्नलला लावायचं ते कार्ड नसतं, भाषा नसते, ओळखी नसतात. म्हणून त्यांना बाहेर जायला कारण लागतं, आणि ते कारण देणं आपलं काम आहे. लेक्चर देऊ नका, जबाबदारी द्या. कढीपत्ता आणि नारळ आणायचे तर बाबांना बाजारात पाठवा, आणि चुकीचा आणला तर वापरा. नातवाला बसस्टॉपवर आणायला आजीला जाऊ द्या. एक तरी देव खाली, जमिनीजवळ ठेवा. उठता-बसता यावं म्हणून शेजारी भक्कम खुर्ची ठेवा. जिना असेल तर उतरताना कठडा धरून उतरा, मग हळूहळू चढा. चालायला सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. इथलं दमट ऊन साताऱ्याचं ऊन नव्हे, पाण्याची बाटली हवीच. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, सांधा लाल होऊन सुजला तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पण ‘गुडघा जरा कुरकुरतो’ हे बसून राहण्याचं कारण नाही; बहुतेक कुरकुरणारे गुडघे मांडीची ताकद वाढली की गप्प होतात. ताटात डाळ, उसळ, दही यांचा वाटा थोडा वाढवा. स्नायूंना भिंत बांधायला विटा लागतात.

आणि एक तोलाची परीक्षा. २०२२ साली ब्राझीलमधल्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. पाचांतल्या एकाला जमलं नाही, आणि पुढच्या सात वर्षांत त्या न जमलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त निघाला. एका पायावर उभं न राहिल्याने कोणी मरत नाही. पण तोल हा आतल्या कारभाराचा आरसा आहे. घरी करून पाहा, ओट्याला हात पोचेल अशा ठिकाणी.

शेवटी पुन्हा आईकडे. ती तीन वर्षांनी परत आली, ७४व्या वर्षी. या वेळी मी तिला दोन कामं दिली: देवाची फुलं आणि गेलांग सेराईहून केळीची पानं. पहिल्या दिवशी मी लपून मागे गेले. मोठ्या चौकात ती थांबली. हिरवा माणूस लागला, पण इतक्या वेळात आपण पलीकडे पोचू का, याचा तिला भरवसा वाटेना. ती परत फिरणार, एवढ्यात शेजारी एक चिनी आजी आल्या. त्यांनी खांबाला कार्ड लावलं, आईकडे बघून मान हलवली, आणि पुढच्या हिरव्याला दोघी निघाल्या. त्या आजींच्या वाढीव सेकंदांत माझी आई पलीकडे गेली. पलीकडे दोघी बराच वेळ बोलत होत्या, एक मराठीत, एक चिनीत. मग आजींनी सात बोटं दाखवली. आईने मान डोलावली. त्या दिवसापासून सकाळी सात ही आईची वेळ झाली, आणि मला काही सांगावं लागलं नाही.

परवा ती अशीच बाजारातून आली. घामाघूम, पदर खोचलेला, पिशवीतून पानं डोकावत होती. माझ्या तोंडात शब्द आलाच होता, ‘बस गं जरा’. तेवढ्यात ती म्हणाली, ‘ही पिशवी धर.’ मी धरली. मग दारातच, भिंतीला हात न लावता, ती एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्या पायाच्या चपलेचा पट्टा सोडवू लागली. पट्टा घट्ट होता. मी काही बोलले नाही. मनात मोजत होते. अकरापर्यंत मोजलं, मग तिने पाय बदलला.